एकसारख्या प्रतींचा माझा तोरा

मित्रांनो, पाचवीच्या वर्गात शेवटच्या बाकामागे शाईने माखलेले जे जुने यंत्र दिसते ना, ते मीच! मला सायक्लोस्टाईल म्हणतात. मेणकागदावर टोकदार लेखणीने लिहायचे, तो माझ्या रुळावर चढवायचा आणि दांडा फिरवायचा, की धडाधड प्रती बाहेर!

तरुणपणी मी ऑफिसात होते. साऱ्या शाळेच्या प्रश्नपत्रिका मीच काढायचे. "शंभर प्रतींत फरक सापडला तर शपथ!" असे मुख्याध्यापक पाहुण्यांना सांगत आणि मी फुगून जाई. पुढे विजेचे यंत्र आले आणि माझी रवानगी या कोपऱ्यात झाली. मी धूळ खात पडले. कुणी माझ्यावर डबा ठेवी, कुणी ओले दप्तर.

मग गणिताच्या नव्या बाई आल्या. त्यांनी मला पुसले, तेल घातले आणि एकाच धड्याचे चक्क तीन वेगळे कागद काढले! एकावर स्वतः उदाहरण रचायला मोकळी जागा, दुसऱ्यावर शाब्दिक उदाहरणे, तिसऱ्यावर कापून दुमडायच्या पट्ट्या. माझा तर जळफळाट झाला. एका वर्गाला तीन कागद?

बाईंचा जीव अडकला होता वर्गातल्या एका शिंप्याच्या मुलीत. वडिलांच्या दुकानात ती कापड बिनचूक मोजायची, पण अपूर्णांकांचे शाब्दिक उदाहरण पाहिले की अडायची! मुख्याध्यापकांनी बजावले होते, "शनिवारच्या चाचणीत नापास झाली, तर तिला चौथीत बसवणार. पेपर सगळ्यांना एकच असतो, बाई."

त्यात बाईंची एक चूक झाली. कागदांवर त्यांनी एक, दोन, तीन असे आकडे घातले.

"तीन नंबर म्हणजे ढ!" कुणीतरी खिदळले. मुलीने पट्ट्यांचा कागद चुरगळून दप्तरात कोंबला. बाईंचा चेहरा पडला. खरे सांगते, मलाही फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आकडे नसलेले नवे कागद काढले आणि तिन्ही गठ्ठे माझ्याशेजारी ठेवले. "हवा तो घ्या. जमला की दुसरा घ्या."

वर्गात पहिला येणाऱ्या मुलाने ऐटीत पट्ट्या उचलल्या आणि फसला! "पाऊण कुठे दुमडू गं?"

"अरे, आधी अर्धी कर, मग परत अर्धी. चार भाग झाले ना? त्यातले तीन घे," शिंप्याची मुलगी म्हणाली. मग काय, अख्खा वर्ग तिच्याभोवती! गुरुवारी तिने आपणहून शाब्दिक उदाहरणांचा कागद उचलला.

शनिवारी तिचा पेपर मुख्याध्यापकांनी वर्गातच तपासायला घेतला. समासात पट्ट्याच पट्ट्या!

"हे काय चितारलंयस?"

"सर, पाऊण मीटरमधून अर्धा मीटर कापलाय. दुमडून बघा ना."

सरांनी एक कागद दुमडला, उलगडला, परत दुमडला. "अरेच्चा, पाव उरला!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले, की शेजारच्या वर्गातली मुले खिडकीत जमली. मुलीची दहापैकी आठ उत्तरे बरोबर होती. ती पाचवीतच राहिली!

निघताना सर बाईंना हळूच म्हणाले, "पट्ट्यांचा एक कागद मलाही द्या. लहानपणी अपूर्णांक मी नुसते पाठ केले होते."

मित्रांनो, मला अधूनमधून पुसा, तेलाचा थेंब घाला. आणि शेजाऱ्याच्या हातात वेगळा कागद दिसला तर हसू नका. त्याला म्हणा, "मलाही दाखव ना!"