आसरांच्या तळ्यातली हळद

तळ्याच्या काठी शंभरेक माणसं चपला काढून उभी होती आणि कुणी खोकतही नव्हतं. शेंदूर फासलेल्या सात दगडांपुढं फकिरा भगतानं तांब्यात तळ्याचं पाणी घेतलं, चिमूटभर हळद टाकली आणि पाणी लाल झालं.

"हळदीचं कुंकू झालं. आसरांनी वटी घेतली," फकिरा म्हणाला. "पोटुशीनं दर मंगळवारी ह्ये तीर्थ घ्यावं. लेकराला काय बी हुनार नाय."

पाण्यातल्या या सात बायांना आमचं गाव फार भितं. शाळेत खिचडी शिजवणारी सोनिया पहिल्या रांगेत होती. गेल्या वर्षी सातव्या महिन्यात तिचं बाळ पोटातच गेलं. आसरांनी नेलं, असं गाव म्हणालं. आता तिला पुन्हा सहावा लागला होता. ती तीर्थ प्यायली आणि डोळे मिटून उभी राहिली.

चितेगावच्या पुढं, पैठण रस्त्यापासून आत असलेल्या या गावात मी बावीस वर्षं मास्तर आहे. देवाधर्माच्या नावानं माझी बोंबच. पण त्या तळ्याची मला भीती वाटायची. मासे मरून वर येत. पाण्यावरचा फेस विरत नसे. बगळे कधीच निघून गेले होते. "ओढ्यानं वर जायचं नाय. तिथं आसरा न्हातात, बघंल त्याचं डोळं जातील," हे फकिराचं फर्मान मीही निमूट पाळत होतो. सांगायला लाज वाटते.

शाळेत विज्ञान शिकवायला गजाला मॅडम नव्यानं आल्या होत्या, रोज शहरातून एसटीनं यायच्या. त्यांनी सोनियाचे सोललेले ओठ पाहिले.

"काय झालं?"

"तीर्थाचा गुन हाय. आतली बाधा जळतीय म्हने."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ताटलीत शाळेच्या बोअरचं पाणी घेतलं, खिचडीतली हळद टाकली आणि माझ्याकडं हात पुढं केला. "गुरुजी, चुन्याची डबी द्या. खिशात आहे, मला माहीत आहे."

मी डबी काढून दिली. नखभर चुना पडताच पिवळं पाणी लाल झालं.

"सोनिया, कुंकू कशाचं करतात?"

"हळदीचंच की. चुना घालून." बोलता बोलता ती थांबली.

"चुना, सोडा, कास्टिक, काहीही चालतं. तळ्यात त्यातलं काय आलंय, ते बघायचं."

पुढच्या मंगळवारी माणसं काठावर जमत होती, तेव्हा मॅडम, सोनिया आणि मी हळदीचा पुडा आणि रिकाम्या बाटल्या घेऊन निघालो. तळ्याच्या पलीकडच्या काठाला हळद पिवळीच राहिली. ओढ्याच्या तोंडाशी लाल झाली. वर जाऊ तशी आणखी लाल. माझे डोळे खरंच चुरचुरू लागले, आणि एक क्षण मला आसरांचं न्हाणं ऐकू आल्याचा भास झाला. पाणी उपसल्याचा आवाज होता तो.

बाभळींमागं पत्र्याची शेड होती. दोन मजूर केमिकलचे निळे ड्रम कास्टिक सोड्यानं धूत होते आणि धुवण ओढ्यात सोडत होते. शेड फकिराच्या जावयाची, राजकुमारची, असं मजुरांनी सांगितलं. ड्रम धुवायचा वार मंगळवार.

परत आलो तर फकिरा तांब्या भरून हळद टाकायच्या बेतात होता. मॅडमनी पलीकडच्या काठाच्या पाण्याची बाटली पुढं केली. "भगत, यात करून दाखवा."

हळद पिवळीच राहिली. "आसरा त्या अंगाला येत नायत," फकिरा पुटपुटला.

"जावयाच्या शेडमदी येतेत वाटतं," सोनिया म्हणाली. "म्या आत्ताच बघून आले. माजं डोळं शाबूत हायत."

लोक शेडकडं चालू लागले. त्या गडबडीत फकिरा कुठं सटकला, कळलंही नाही. सोनिया मात्र तिथंच उभी होती.

"गुर्जी, ती शेड कवापासून हाय?"

"दोन वर्षं झाली असतील. वर जायची बंदी तेव्हापासूनचीच."

"म्हंजी मागल्या साली बी व्हती. माजं घरातलं पानी ह्याच तळ्याचं."

तिचं बाळ त्या पाण्यानं गेलं की आणखी कशानं, हे आता कोणताही डॉक्टर सांगू शकणार नाही. त्याच दुपारी मॅडम तिला दवाखान्यात घेऊन गेल्या आणि पाण्याच्या बाटल्या तपासणीला दिल्या. त्या न जन्मलेल्या बाळाचा विचार माझी पाठ सोडत नाही.

तुमच्या तळ्याचा रंग, वास बदलला, मासे मेले, तर हात जोडून उभे राहू नका. ओढ्यानं वर चालत जा, पाणी कुठून काय घेऊन येतंय ते बघा, नमुना तपासून घ्या. आमच्या तळ्यापासून ती शेड अवघ्या वीस मिनिटांवर होती. मला तिथवर जायला दोन वर्षं लागली.