बराबर एक लिटर

मी एक जुनं माप आहे. दुधाचं, जर्मनचं म्हणजे ॲल्युमिनियमचं, लांब दांडीचं. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, मापाला कसला आलाय एवढा तोरा? तोरा आहे, आणि तो का आहे ते आता ऐकूनच घ्या.

आखाडा बाळापूरजवळच्या एका तांड्यावर खेमाबाबांच्या घरी मी तीस वर्षं आहे. बाबांनी मला आणलं तेव्हा त्यांच्या दावणीला तीन म्हशी होत्या. रोज सकाळी बाबा बाळापुरात घरोघर जायचे आणि मला काठोकाठ भरून दूध घालायचे. ठरल्या वेळी वजनमापाचे साहेब मला तपासून अंगावर ठप्पा मारायचे. ते ठप्पे अजून माझ्या अंगावर आहेत.

एकदा दुसऱ्या एका दूधवाल्यानं बाबांना कानमंत्र दिला. बुडावर बाहेरून एक ठोका हाण म्हणे, आत पोचा पडला की दर मापामागं घोटभर दूध वाचतं, गिऱ्हाइकाला पत्ताही लागत नाही. बाबा एवढंच बोलले, "माप खोटं झालं की माणूस खोटा." अभिमानानं माझी छाती फुगायचीच बाकी होती. पण फुगून कसं चालेल? लिटर बिघडलं असतं ना!

पुढं म्हशी गेल्या, शेळ्या आल्या. मला गोठ्यातल्या पेंडीच्या पोत्यात खोचून ठेवलं. लिटरचं खरं माप, आणि पेंड उपसायला! राग आला, खोटं कशाला सांगू.

गेल्या उन्हाळ्यात बाबांची सव्वा वर्षाची नात राजनंदिनी जुलाबानं आडवी पडली. घरात जलसंजीवनीची पाकिटं होती. तिची आई संगिता म्हणत होती की पाकिटावर एक लिटर पाणी लिहिलंय. पण तिचा बाप ओमप्रकाश कुणाचं ऐकतोय! त्यानं अख्खं पाकीट एका पेल्यात ओतलं आणि म्हणाला, "पाणी जास्त घातलं की दवाईचा जोर जातो. कडकच राहू दे."

लेकरानं अर्धा पेला घेतला आणि जुलाब आणखी वाढले. दुपारपर्यंत तिचे डोळे खोल गेले. ती रडत होती, पण डोळ्यांत टिपूस नव्हता. संगितानं धावत जाऊन तांड्यावरच्या आशा कार्यकर्त्या सरिताताईंना बोलावून आणलं.

सरिताताईंनी पेल्यातलं बोटभर चाखलं आणि उरलेलं अंगणात ओतून दिलं. मग त्यांनी जे समजावलं ते मी गोठ्यातून नीट ऐकलं, तुम्हीही ऐका. आपल्या आतड्यात असंख्य पेशी असतात आणि प्रत्येक पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. पाणी त्या पडद्यातून आरपार जातं, पण जिकडं मीठसाखर दाट, तिकडं ओढलं जातं. पेल्यातलं औषध इतकं दाट होतं की त्यानं लेकराच्या अंगातलंच पाणी आतड्यात ओढून काढलं. तेच बराबर पातळ केलं तर उलटं होतं. पडद्याला एक खास दार असतं. मीठ त्या दारातून साखरेला जोडीला घेऊनच आत शिरतं, आणि दोघं आत गेले की पाणी त्यांच्या मागं आपसूक जातं.

आता बराबर एक लिटर पाणी हवं होतं. घरात तांबे होते, लेबल निघालेल्या बाटल्या होत्या, पण कशात किती मावतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ओमप्रकाश म्हणाला, अंदाजानं घालू.

"अंदाजानंच तर हितवर आलो, भाऊ," सरिताताई म्हणाल्या.

खेमाबाबा उठले, गोठ्यात आले आणि मला पोत्यातून उपसलं. साबणानं घासून उकळत्या पाण्यानं धुतलं. मग मला सरिताताईंच्या हाती देत म्हणाले,

"हे बराबर लिटर हाय. तीस वर्सांत यानं कोनाचं घोटभर बी मारलं न्हाई."

ताईंनी माझ्या बुडावरून आतून बोट फिरवलं. कुठं पोचा नव्हता. उकळून गार केलेलं पाणी माझ्यात काठोकाठ भरलं आणि पातेल्यात ओतून त्यात नवं पाकीट कालवलं. चमच्याचमच्यानं पाजत राहा, अंगावरचं दूध बंद करू नका, पिईनाशी झाली तर तडक दवाखाना गाठा, असं बजावून ताई तिथंच बसून राहिल्या. दिवस कलला तेव्हा लेकरानं शू केली, दुपटी ओली झाली. संगिता ती ओली दुपटी हातात घेऊन हसत होती. ओमप्रकाश मान खाली घालून माझ्याकडंच बघत होता.

आता मी घरात खुंटीला असतो. तांड्यावर कुणाचं लेकरू आजारलं की मला न्यायला येतात. म्हणून सांगतो मित्रांनो, घरात एक तरी माप खरं ठेवा, आणि त्याला पोचा पडू देऊ नका.

परवा राजनंदिनीनं मला ओढून घेतलं आणि फरशीवर ढोल वाजवायला लागली. माझा तर जीवच गेला! बाबांनी मला तिच्या हातून काढून घेतलं. तिनं भोकाड पसरलं, आणि गालांवरून टपटप पाणी गळायला लागलं. संगिता तिला उचलायला धावली, तर बाबांनी हातानं थांबवलं.

"थांब जरा," ते म्हणाले. "ते पाणी बघू दे मला."