पत्रिकेचा संगणक

सुज्ञ वाचकांस सविनय निवेदन की, पुढील कथेत नाहूर येथील एका घरातला संगणक रुसून बसतो आणि त्या घरच्या कन्येचा विवाह त्याच्यापाशी येऊन अडतो. कथा लहान आहे. तीत कोणीही खलपुरुष नाही. वाचकांनी ती शांत चित्ताने वाचावी, एवढीच प्रार्थना.

गंधालीने संगणकावरचे क्रोशाचे झाकण काढून त्याची घडी घातली, खुर्ची पुढे ओढली आणि कळ दाबली. आतला पंखा म्हाताऱ्या माणसाने घसा साफ करावा तसा खरखरला. पडदा उजळताच तिने पत्रिकेच्या प्रोग्रामचे चित्र दोनदा टिचकावले. पत्रिका उघडली नाही. त्या जागी एक लहानशी चौकट उमटली : एक आवश्यक फाईल या संगणकात आढळत नाही, सबब हा प्रोग्राम सुरू होऊ शकत नाही.

"बाबा, पुन्हा तेच. फाईल मिसिंग म्हणतोय."

मागे जमिनीवर परात मांडून नंदकिशोर आणि जयंती हे दांपत्य भिजवलेले वाल सोलत बसले होते. नंदकिशोरांनी मान वर केली नाही.

"मग राहू दे ना. जुना झालाय बिचारा. त्याला तरी किती राबवायचं?"

"राहू दे काय? पत्रिका बघितल्याशिवाय धवलबद्दल बोलणार नाही, असं तुम्हीच म्हणालात ना?"

"म्हणालो होतो खरा."

"मग?"

"अहो," जयंती मध्येच म्हणाली, "सालं परातीत टाकताय आणि डाळिंब्या कचऱ्यात! लक्ष कुठंय तुमचं?"

नंदकिशोरांनी ओशाळून केराच्या कागदावरच्या डाळिंब्या वेचायला घेतल्या.

या गृहस्थांविषयी येथे थोडे सांगणे अगत्याचे आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून संपूर्ण इमारतीच्या पत्रिका तेच जुळवून देत असत, आणि त्याबद्दल कपभर चहापलीकडे त्यांनी कोणाकडून काही स्वीकारले नव्हते. त्यांचा नियम एकच होता. पडद्यावर जे दिसेल तेच सांगायचे. कोणाच्या भिडेखातर एक गुण वाढवायचा नाही, की कोणाच्या रागाखातर कमी करायचा नाही. "यंत्राला नातेवाईक नसतात," असे ते म्हणत. तळमजल्यावरचे भाऊराव हे त्यांचे जुने स्नेही. त्यांच्या गार्गीला भांडुपचे एक उत्तम स्थळ आले होते, परंतु दोघांची नाडी एकच निघाली. पत्रिका पाहणारे हा मोठा दोष मानतात. नंदकिशोरांनी तो जसाच्या तसा सांगितला आणि स्थळ मोडले. पुढे कित्येक दिवस गार्गी जिन्यात भेटली की मान खाली घालून जात असे. आता तिच्यासाठी दुसरे स्थळ चालून आले होते, आणि तीही पत्रिका याच संगणकाच्या दारात उभी होती.

अशा पित्याच्या कन्येने घाटकोपरच्या धवलला होकार दिला होता. मुलगा गुजराती आहे, याचे घरात कोणालाच काही वाटले नाही. नंदकिशोरांनी फक्त त्याची जन्मवेळ मागितली होती. ती गंधालीने सोमवारी रात्री एका चिठ्ठीवर लिहून त्यांच्या हाती दिली. मंगळवारी संध्याकाळी ती कामावरून आली, तेव्हा संगणक बिघडल्याचे तिला समजले. धवलला तिने सांगून ठेवले होते, की बाबांच्या मनाविरुद्ध मी उंबरा ओलांडणार नाही.

संगणक तसाच बंद राहता तर तिचे काम सोपे झाले असते, हे तिला समजत नव्हते असे नाही. परंतु ऐरोलीच्या एका कंपनीत बिघडलेले प्रोग्राम तपासणे हाच तिचा व्यवसाय होता, आणि बिघडलेल्या यंत्राच्या आडोशाने मिळालेला होकार तिला नको होता. म्हणून शनिवारची सुट्टी तिने या कामासाठी राखून ठेवली होती.

"बाबा, प्रोग्रामची सीडी कुठंय? परत टाकला की होईल सुरू."

"सीडी..." नंदकिशोर म्हणाले, "असेल कुठेतरी."

"असेल काय? ती काय, तिथे लटकतेय," जयंतीने मानेनेच खिडकीकडे खूण केली.

खिडकीच्या ग्रिलला कबुतरांना बुजवण्यासाठी जुन्या सीड्या दोऱ्याने बांधल्या होत्या. बाकीच्या उन्हाने करपून काळवंडल्या होत्या. एकच नवी कोरी होती. वाऱ्यावर गरगरत ती भिंतीवर कवडसे फेकत होती. तिच्यावर गणपतीचे चित्र होते, आणि भोकापासून काठापर्यंत एक लांबलचक ओरखडा.

"ही कोणी बांधली?"

"कबुतरं फार माजलीत गं," नंदकिशोर म्हणाले.

"कबुतरांची एवढी काळजी तुम्हाला कधीपासून?" जयंती हसली. "घर भरलं त्यांनी तरी पेपरातून डोकं वर काढत नाही तुम्ही."

गंधाली पुन्हा संगणकाकडे वळली.

"ठीक आहे. नेटवरून ती फाईल मिळते का बघते."

"नको नको!" नंदकिशोर एवढ्या घाईने म्हणाले, की त्यांच्या मुठीतले वाल सांडले. "कुठल्याही साइटवरून काहीबाही उतरवू नये. त्यातूनच व्हायरस शिरतो. तूच सांगतेस ना नेहमी?"

"सांगते."

"मग झालं तर."

ते बोलले त्यात खोटे काही नव्हते. गंधालीने तो मार्ग सोडला आणि आपल्या कामातल्या शिस्तीने पहिल्या पायरीवर गेली. हरवलेली वस्तू बाहेर शोधण्याआधी घरातच पाहावी. तिने पडद्याच्या कोपऱ्यातली कचऱ्याची टोपली, म्हणजे रिसायकल बिन, उघडली.

टोपलीत एकच फाईल होती. तीच, जिच्यासाठी प्रोग्राम अडून बसला होता. ती कोठून आली आणि केव्हा टाकली गेली, हेही शेजारी लिहिलेले होते. मंगळवार, भर दुपार. त्या वेळी गंधाली ऐरोलीला होती आणि आई भिशीला गेली होती.

गंधालीचा हात माऊसवर तसाच थांबला.

तिला आठवले. तिचा दहावीचा निकाल लागला, तेव्हा बाबा तो सांगायला स्टेशनपर्यंत धावत आले होते. चांगली बातमी त्यांच्या पोटात कधी रात्रभर राहिली नव्हती. गुण जुळले असते, तर मंगळवारी दुपारीच तिच्या ऑफिसात फोन वाजला असता. आणि जुळले नाहीत, असे आपल्या तोंडाने सांगणे त्यांना जमले नव्हते. जुळले, असे खोटे सांगणेही जमले नव्हते. मग त्यांनी त्या यंत्राचीच वाचा काढून घेतली. परंतु टाकलेली फाईल टोपलीत पडून राहते, हे मात्र त्यांना कोणी शिकवले नव्हते.

फाईल परत जागेवर ठेवण्यासाठी एका टिचकीचे काम होते.

गंधालीने मागे वळून पाहिले. बाबा खाली मान घालून एकेक वाल सोलत होते. गेले दोन दिवस त्यांनी दाढी केलेली नव्हती.

"बाबा, जरा इकडे या ना."

ते गुडघ्यावर हात टेकून उठले आणि तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. चष्मा कपाळावर होता, तो त्यांनी डोळ्यांवर घेतला.

"ही टोपली बघा. आपण काही डिलीट केलं ना, की ते नाहीसं होत नाही. इथेच पडून राहतं."

खुर्चीच्या पाठीवर टेकलेली त्यांची बोटे आवळली गेली.

"पडूनच राहतं?"

"टोपली रिकामी करेपर्यंत. केली, की मग कोणालाच सापडत नाही." ती पडद्याकडेच पाहत होती. "रिकामी करू का? उगाच जागा अडते."

"तू... तुला चालेल?"

"मला चालेल. तुम्हाला?"

तिने टोपली रिकामी करण्याची आज्ञा दिली. ही फाईल कायमची नष्ट करावयाची आहे काय, असा प्रश्न संगणकाने विचारला. गंधालीने माऊस बाबांच्या बाजूला सरकवला. नंदकिशोरांनी वालाच्या पाण्याने भिजलेले बोट लेंग्याला पुसले आणि हलकेच दाबले.

"काय झालं? झाला का सुरू?" जयंतीने विचारले.

"नाही गं आई. आता नाही व्हायचा."

"बरं झालं! सुटलो. आमचे बत्तीस गुण जुळले होते म्हणे. तरी मी कमी गोडाचा चहा पिते, हे अजून ह्यांच्या ध्यानात राहत नाही."

नंदकिशोरांनी क्रोशाचे झाकण उचलले आणि संगणकावर घालून त्याचे चारही कोपरे नीट ओढले. मग दाराशी जाऊन ते चपला शोधू लागले.

"आता कुठे निघालात?"

"भाऊरावांकडे. गार्गीच्या पत्रिकेची वाट बघतायत ते. सांगून येतो, की यंत्र गेलं कायमचं." एक चप्पल पायात घालून ते थांबले. "म्हणावं, मुलगा घरी बोलवा. चार गोष्टी बोला त्याच्याशी. आणि गार्गीला विचारा."

ते जिना उतरू लागले. गंधाली परातीशी जाऊन बसली आणि तिने मूठभर वाल उचलले. तेवढ्यात खालच्या वळणावरून हाक आली.

"गंधाली! त्या धवलला वालाची उसळ चालते का गं?"

"विचारते, बाबा."

"विचार. आणि हे बघ, उद्याच येऊ दे त्याला."

या कथेत माझ्या पदरचे ज्ञान थोडे आणि माया अधिक आहे. आपण ती अखेरपर्यंत वाचलीत, याबद्दल मी आपणा सर्वांचा अंतःकरणपूर्वक आभारी आहे.

— सहदेव दादू मेस्त्री, नाहूर