सोलो नसलेलं गाणं

गिऱ्हाईक देव असतो म्हणतात. आमच्या सोफादुरुस्तीच्या दुकानात तो दुसऱ्या नंबरचा देव. पहिला मान गिटारच्या सोलोचा. दुकान भावोजींचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. मी त्यांच्या हाताखाली फोम कापतो. फळीवर त्यांचा तरुणपणीचा गिटारचा ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करायचा खोका, आहे. गिटार शिकणं लवकरच सुटलं, ॲम्प राहिला. त्याला मोबाइल जोडून दिवसभर रॉक चालू. गाण्यात गिटार एकटी सुटली की भावोजींचा हातोडा थांबतो, आणि कोणी बोलायला गेलं तर उजवा हात वर होतो. थांबा. एकदा घरमालक असा थांबला आणि कशाला आलो तेच विसरून गेला.

माझी भाची, त्यांची एकुलती एक लेक, कॉम्प्युटरवर संगीत करते. संथ, खोल, गिटारचा मागमूस नाही. गेल्या वर्षी तिनं पहिलं गाणं बापाच्या मोबाइलवर पाठवलं. भावोजींनी ते मानानं ऐकलं, मी समोरच होतो. हातोडा ठेवला, हात पुसले, शेवटपर्यंत ब्र काढला नाही. मग जेवताना म्हणाले, "वरच्या मजल्यावर कोणीतरी कपाट सरकवतंय असं वाटलं." भाचीनं कानाला खडा लावला. तेव्हापासून ती घरात हेडफोन घालूनच काम करायची.

आता तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती, व्हिडिओ गेमना संगीत द्यायची. बापाला काहीच न ऐकवता निघायचं तिनं ठरवलं होतं, आणि तेच तिला आतून खात होतं. ताईला दिसत होतं, मलाही. पण भावोजींना संगीतातलं सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

निघायच्या आदल्या दुपारी ती दोन स्पीकर घेऊन दुकानात आली. गुंडाळायला फोम हवा होता. भावोजी एक कोच पोचवायला गेले होते, गाणं मात्र चालूच होतं. ती जरा वेळ ऐकत उभी राहिली, मग ॲम्पमागची वायर चाचपून पाहिली.

"मामा, बाबा सगळी गाणी यावर ऐकतात?"

"कायमच."

"माझंही यावरच ऐकलं?"

"तुझं तर मुद्दाम. फडक्यानं पुसून घेतला होता आधी."

ती अर्धवट शिवलेल्या सोफ्यावर बसली. "अरे मामा, यातून खालचे, खर्जातले आवाज येतच नाहीत. गिटारपुरता बनवलेला असतो तो. माझं गाणं जवळजवळ सगळं खालीच आहे."

म्हणजे आपली सगळ्यात लाडकी वस्तू लावून बापानं लेकीचं गाणं ऐकलं, आणि नेमकं गाणं तेवढं गाळून ऐकलं. मला हसू आलं. तिला नाही आलं. तिनं फोम बाजूला सारला आणि स्पीकर जोडायला घेतले.

भावोजी आले. "हे काय काढलंस?"

"बाबा, बसा जरा. तेच गाणं आहे."

"सोलो आहे का यात?"

"नाही."

"मग वाट कशाची बघायची?"

"कशाचीच नाही."

डॉक्टरकडे दात उपटून घ्यायला आल्यासारखे ते हाताची घडी घालून बसले. आधी काहीच नव्हतं. मग जमिनीतून यावा तसा एक आवाज आला आणि टेबलावरचा खिळ्यांचा डबा थरथरू लागला. भावोजींच्या हाताची घडी सुटली. त्यांनी सोफ्याच्या लाकडावर तळवा टेकवला.

"हे होतं त्यात?"

"होतं."

तेवढ्यात दारात एक बाई आल्या. "अहो, आमच्या खुर्चीचं काय झालं?"

भावोजींनी वळूनही पाहिलं नाही. उजवा हात वर गेला.

भाचीनं तो हात पाहिला. लहानपणी शाळेतलं काही सांगत धावत आली की याच हातानं तिला कितीदा थांबवलं होतं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं. तिला रडू आवरेना. बाई थांबल्या, मीही थांबलो. कापलेला फोम तसाच पडून राहिला. स्पीकर दुकानातच राहिले.