हिरव्या पट्ट्यावरची रांगोळी

मी एक जुनी सायकल आहे. लेडीज, मूळची लाल. आता तो लाल रंग शोधावा लागतो. पण घंटी अजून ठणठणीत आहे आणि तिचा मला थोडा गर्वही आहे.

मित्रांनो, दुकानातून मी थेट गारखेड्यात दमयंतीकडे आले. ती तेव्हा कॉलेजात जायची. चढावर उभी राहून पायडल मारायची, उतारावर ब्रेकला हातही लावायची नाही. मग तिला नोकरी लागली, स्कूटर आली आणि मी जिन्याखाली गेले. माझ्या हँडलवर पायपुसणी वाळत पडू लागली. फार वाईट वाटायचं, पण सांगणार कुणाला?

यंदा कॉलनीतल्या लोकांनी रस्त्याच्या कडेने सायकलींसाठी हिरवा पट्टा रंगवला. दमयंतीची मुलगी मृण्मयी नववीत आहे. शाळेला सायकलनेच जाईन, म्हणून ती हटून बसली. दमयंतीला रहदारीची धास्ती. एकदा जरी पडलीस तर सायकल भंगारात, या अटीवर तिने मला बाहेर काढलं. नव्या ट्यूब, तेलपाणी, नवं सीट! मी नव्या नवरीसारखी मिरवत निघाले.

पण हिरवा पट्टा पाहून बायकांनाही हुरूप आला. शेजारच्या सारजाबाई मूळच्या पिशोर गावच्या. सायकलींच्या स्वागताला त्यांनी दारापुढे पट्टाभर रांगोळी घातली. त्यांचं पाहून रोज घरोघरी तेच सुरू झालं. रांगोळीवर चाक घालील अशी मृण्मयी नाही. प्रत्येक रांगोळीला वळसा घालायला ती मोटारींच्या रस्त्यावर उतरायची. घंटी वाजवण्यापलीकडे मी तरी काय करणार?

एका सकाळी सारजाबाईंच्या दारासमोरच मागून रिक्षाचा धक्का लागला. मृण्मयीचा गुडघा फुटला, माझं हँडल वाकडं झालं. दमयंती धावत आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. भंगारवाल्याला आजच बोलावते, म्हणाली. मला तिचा राग आला नाही. आईचं काळीज ते.

सारजाबाई गुडघ्याला हळद लावत होत्या. पट्टा सोडून मध्ये कशाला गेलीस, असं त्यांनी विचारलं.

"आजी, तुमची रांगोळी होती ना," मृण्मयी म्हणाली.

सारजाबाईंनी हळदीची वाटी खाली ठेवली. मग दमयंतीला म्हणाल्या, "पोरीचं काय बी चुकलं नाय. तिची वाट आम्हीच अडवली. उद्याचा दिस थांब, मंग तुझ्या मनाला येईल तसं कर."

दुसऱ्या दिवशी पट्टा झाडून मोकळा केलेला होता. रांगोळी होतीच, पण पट्ट्याच्या बाहेर, मोटारींच्या रस्त्याकडच्या कडेला. एकीने सोडली तिथून दुसरीने धरलेली लांबलचक वेल. रोज पट्ट्यावर मोटार लावणारे कॉलनीतले वैजनाथराव आले, वेलीपाशी थबकले आणि गाडी मागे घेऊन दुसरीकडे गेले. रिक्षावालेही अंतर राखून जाऊ लागले. रांगोळी तुडवायला कुणाचंच मन होईना.

दमयंती फाटकातून हे पाहत होती. तिने माझं पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल सरळ केलं आणि पदर खोचून स्वतःच बसली. कॉलनीला एक चक्कर मारून, धापा टाकत परत आली. किती वर्षांनी तिचा हात माझ्या घंटीवर पडला होता!

मित्रांनो, दसऱ्याला आम्हाला झेंडूचा हार घालता, बरं वाटतं. पण आधी आमची वाट मोकळी ठेवा. आणि तुमच्या जिन्याखाली माझी एखादी बहीण पायपुसणी वागवत उभी असेल, तर तिच्यात हवा भरून बघा.

आमच्या दमयंतीने मला लेकीच्या हाती दिलं आणि म्हणाली, "जा. उतारावर मात्र ब्रेक लावत जा."