गाळलेल्या ओळी

माझ्या एवढ्या वर्षांच्या कामाला आमच्या भावोजींनी 'गोगलगाय' म्हटलं ते ताईच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, तोंडात घास असताना. ताई खळखळून हसली. मीही हसले, पण माझं ताट तसंच राहिलं. याचा वचपा काढायचा, आणि तोही त्यांच्याच हातून, हे मी तिथेच ठरवलं.

भावोजी ऑफिसात माझे साहेब. आम्ही अनुवादक बनवतो, पण भाषांचे नव्हे. बटण दाबलं की कधी ना कधी लिफ्टचं दार उघडलंच पाहिजे, लिफ्ट हलत असताना ते कधीच उघडता कामा नये, अशा अटी सूत्रात लिहितात. अनुवादक त्या सूत्राची आकृती करतो, आणि लिफ्टचा प्रोग्राम त्या आकृतीशी ताडून पाहतात. एक अनुवादक भावोजींचा, एक माझा. दोघांना तीच सूत्रं देऊन उत्तरं पडताळणारं चाचणीचं एक साधन आहे. ते शेवटी पडद्यावर सरासरी वेळ दाखवायचं. त्या सरासरीत भावोजींचा अनुवादक म्हणजे वारा आणि माझा म्हणजे गोगलगाय.

गोम अशी, की ठरल्या वेळेत ज्याला सूत्र सुटलं नाही त्याची ती ओळच साधन गाळून टाकायचं. अवघड सूत्र आलं की वारा हात टेकायचा, आणि त्याची कुठे नोंदच राहायची नाही. माझा बिचारा कण्हत-कुंथत ते सोडवायचा आणि लागलेला सगळा वेळ त्याच्या माथी. अवघड गणितं कोरी सोडणाऱ्या पोराला पैकीच्या पैकी गुण द्यावेत, तसला न्याय. मी हे बोलून दाखवलं होतं. "नाचता येईना, अंगण वाकडं," साहेब म्हणाले. लिफ्टवाल्या कंपनीबरोबरची बैठक झाली की गोगलगाय कायमची काढून टाकायची, असंही जाहीर करून मोकळे झाले.

वर मला कामाला जुंपलं. "रिकामी बसू नकोस, छोटी. साधनातली आकडेवारी फाइलमध्ये काढायची सोय कर. लिफ्टवाल्या बाईंना तक्ता हवाय."

आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन.

मी दोन पर्याय केले. एक माणसांसाठी, तक्त्याच्या रूपात उघडणारा. दुसरा इतर प्रोग्रामना वाचता येईल असा. प्रत्येक प्रयत्नाला एक ओळ: सूत्र कुठलं, अनुवादक कुठला, आकृती केवढी, वेळ किती, आणि शेवट कसा झाला: 'पूर्ण', 'वेळ संपली' की मधेच बंद पडून 'कोसळला'. काहीही आपोआप गळणार नाही. ज्याला अपयश लपवायचंच आहे त्याच्यासाठी तिसरा पर्याय ठेवला, 'अपयश गाळा'. तो नाव घेऊन मागावा लागतो.

मग मी सगळं चालवून पाहिलं. भावोजींच्या नावापुढे 'वेळ संपली', 'वेळ संपली'. मी डोळे भरून पाहत बसले. आणि मधेच एक ओळ माझी निघाली. कोसळला. तेही एका फडतूस सूत्रावर. कारण शोधायला बसले, पण सापडेना. ही एवढी ओळ गाळली तर कुणाला कळणार होतं? बोट ओळ पुसायच्या बटणावर होतं. पण मग माझ्यात आणि त्यांच्यात फरक काय राहिला? माझं नाक कापलं जाऊ दे, त्यांना अपशकुन झाला म्हणजे झालं. ओळ तशीच ठेवली.

आमच्याकडे नियम आहे: एकाचा बदल दुसऱ्याने वाचून मंजूर केल्याशिवाय आत जात नाही. साहेबही त्याला अपवाद नाहीत. मी माझा बदल त्यांच्याकडेच पाठवला. पहिल्याच वाक्यात स्वच्छ लिहिलं, 'यापुढे तक्त्यात अपयशी ओळीही दिसतील.' तेवढं एक वाक्य त्यांनी वाचलं असतं तर माझा डाव संपला होता. मी चहा ओतून घेतेय तोवर उत्तर आलं, "बघितलं. ठीक." ते सगळ्यांच्या कामावर हेच लिहितात.

बैठकीत लिफ्टवाल्या बाई समोर बसल्या होत्या. सुरक्षेच्या तपासणीत केस पिकलेली बाई. भावोजींनी ऐटीत स्वतःच आज्ञा टाइप केली आणि तक्ता भिंतीवरच्या पडद्यावर उघडला. झाकली मूठ सव्वा लाखाची. ती त्यांनी आपल्याच हाताने उघडली.

"हे 'वेळ संपली' काय आहे?" बाईंनी विचारलं.

"साधनात गडबड आहे," भावोजी म्हणाले. "हिने परवाच काहीतरी बदललंय."

"आणि मंजूर कुणी केलं?"

मी उठून तो बदल त्याच पडद्यावर उघडला. खाली साहेबांचं नाव आणि 'बघितलं. ठीक.' कुणीही हसलं नाही. मला ते फार गोड लागलं.

भावोजी तक्त्याकडे वळले. त्यांचं बोट माझ्या ओळीवर गेलं. "आणि ही बघा! हिची गोगलगाय तर चक्क कोसळलीय!"

"हो, कोसळलीय," मी म्हणाले. "मी ती लपवली नाही, भावोजी." ऑफिसात मी त्यांना कधी भावोजी म्हटलं नव्हतं.

बाईंनी चष्मा पुसला. "साहेब, दाराच्या सूत्रांवर तुमचा अनुवादक गप्प आहे. माझ्या लिफ्टमध्ये माणसं असतात. हिचा अनुवादक ठेवा, जिथे कोसळला तेवढं दुरुस्त करा. आणि या साधनातला कुठलाही बदल हिने वाचल्याशिवाय आत जायचा नाही."

संध्याकाळी ताईचा फोन आला. "सगळ्यांसमोर तोंडघशी पाडलंस ना त्यांना? जेवले नाहीत ते."

"त्या दिवशी तुझ्या घरी मीही जेवले नव्हते, ताई. तुझ्या लक्षात आलं होतं?"

मी फोन ठेवला नाही. तिला तो ठेवावा लागला.

सकाळी भावोजींचा एक बदल माझ्याकडे मंजुरीला आला. 'अपयश गाळा' हा पर्याय यापुढे न मागताच लागू व्हावा. कारण लिहिलं होतं, 'तक्ता सुटसुटीत दिसावा म्हणून.' थोड्या वेळाने ते स्वतःच माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. "छोटी, घरचीच आहेस ना तू? टाक ना करून."

मी त्यांना उभंच ठेवलं. चहा घेत एकेक ओळ वाचली, संपल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचली. मग त्यांच्यादेखत खाली लिहिलं, "वाचलं. नामंजूर."