सासूबाई, सूनबाई आणि नववं वळण

मला गाडी लागते. साधीसुधी नाही, चांगली सणसणीत लागते. लहानपणी पलीकडच्या पेठेतल्या आत्याकडे जाऊन आले तरी माझा चेहरा पांढराफटक व्हायचा. लग्न ठरताना घरच्यांनी ही गोष्ट शिताफीनं लपवली, आणि मला नवरा मिळाला तो गाड्यांची परीक्षणं लिहिणारा. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच, असं तेव्हा वाटलं होतं.

झालं मात्र उलटंच. लग्नानंतर महिन्याभरातच यांनी मला एका नव्या गाडीत मागे बसवून धरणाच्या रस्त्यानं नेलं. परत आल्यावर मी चिडून म्हटलं, "तुमची ही गाडी खड्ड्यातून बाहेर येते, पण पुढची शंभर पावलं तिच्या मनातून खड्डा काही जात नाही." यांनी ते वाक्य जसंच्या तसं छापलं. संपादकांना आवडलं, वाचकांची पत्रं आली. तेव्हापासून माझं पोट हे आमच्या घरातलं सगळ्यात अचूक यंत्र ठरलं. मासिकात 'मागच्या सीटवरून' या मथळ्याखाली गेली बत्तीस वर्षं जो मजकूर येतो तो माझा, सही अर्थातच यांची. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही, असं मी सगळ्यांना सांगते. थोडी आहे.

आमची पद्धत ठरलेली. घरापासून मोठा रस्ता, मग खडी उखडलेला दोनेक किलोमीटरचा पट्टा, मग धरणाकडे चढणारी चौदा वळणं. मी मागे डाव्या बाजूला, डोळे मिटून, मांडीवर वही घेऊन. वळणं मला अंगानं पाठ आहेत. पोटात ढवळलं की त्या वळणाच्या आकड्यासमोर एक रेघ मारायची, जास्त ढवळलं तर दोन. निवृत्त होईपर्यंत मी रक्त तपासायच्या लॅबमध्ये होते, त्यामुळे नोंद करताना पदरचं काही घालायचं नाही, ही सवय हाडात मुरलेली आहे.

या खेपेला तुलना करायची होती. दोन आलिशान सेडान, दोन वेगळ्या कंपन्यांच्या, पाच दिवसांसाठी आमच्या दारात उभ्या. संपादकबाईंनी फोनवर बजावलं होतं, "सर, या वेळी दोन्ही डगरींवर हात नको. आराम, चालवण्यातली पकड, आणि पैसे वसूल होतात का, हे तीन मुद्दे घ्या आणि कोणती घ्यायची ते एका वाक्यात सांगून टाका."

करड्या गाडीला मी पाहताक्षणी सासूबाई म्हटलं. रुंद, भारदस्त, दार लावलं की बाहेरच्या जगाशी बोलणं बंद. निळी ती सूनबाई. अंगानं आटोपशीर, पायात चपळ, आणि बसायला जरा कडक. हे हसले. म्हणाले, "छापता येणार नाही, पण बरोबर आहे."

पहिल्या दिवशी सासूबाई. मागची सीट अशी की माणसानं घर विकून तिच्यात राहायला जावं. पाय लांब करता येत होते, खिडकीचा पडदा बटणावर खालीवर होत होता. खडीचा पट्टा तिनं गिळून टाकला. फक्त मोठ्या खड्ड्यानंतर किंचित झुलायची, जड माणूस खुर्चीतून उठताना झुलतो तशी. मग वळणं लागली. दुसऱ्या वळणाला गाडी जरा उशिरा वळली आणि मग एकदम आत ओढल्यासारखी झाली. एक रेघ. पाचव्याला तेच. नवव्या वळणावर तर असा हिसका बसला की माझं पेनच खाली पडलं. दोन रेघा.

"स्टिअरिंग मेलेलं आहे हिचं," पुढून आवाज आला. "डावीकडे वळायचं म्हटलं की हिला विनवण्या कराव्या लागतात."

दुसऱ्या दिवशी सूनबाई. खडीवर तिनं प्रत्येक दगडाची माझ्या पाठीच्या कण्याशी ओळख करून दिली, पण झुलणं मात्र नावाला नाही. धक्का बसला, संपला, विषय बंद. माझ्या पोटाला असा रोखठोक स्वभाव मानवतो. मला वाटलं, वळणांवर ही बाजी मारणार. दुसरं वळण आलं आणि तोच उशीर, तोच हिसका. पाचव्याला तेच. नवव्याला पुन्हा दोन रेघा.

"हीसुद्धा त्याच माळेतली," हे पुटपुटले. "गाड्या बनवणाऱ्यांना हल्ली झालंय काय?"

त्या दुपारी हे लिहायला बसले आणि मी वहीची दोन पानं शेजारी शेजारी ठेवली. सासूबाई, सूनबाई. खडीच्या पट्ट्यावरच्या रेघा वेगळ्या, जशा असायला हव्यात तशा. वळणांवरच्या रेघा मात्र एकीवर एक ठेवाव्यात इतक्या सारख्या. दोन, पाच, नऊ, दहा आणि तेरा.

लॅबमध्ये आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं. दोन वेगळ्या माणसांच्या रक्तात एकच विचित्र आकडा आला तर माणसांना फोन करायचा नाही, आधी यंत्र तपासायचं. यंत्र म्हणजे मी. वय झालंय, तोल सांभाळणाऱ्या कानाचा काही बिघाड असेल, असं म्हणून मी स्वतःवर संशय घेतला. पण मी बिघडले असते तर सगळ्याच वळणांवर बिघडले असते. या रेघा फक्त डाव्या वळणांच्या होत्या. उजवीकडची वळणं दोन्ही पानांवर कोरी.

मी कपाटातून आधीच्या वह्या काढल्या. मागच्या आठ महिन्यांत अकरा गाड्या झाल्या होत्या. छोट्या, मोठ्या, एक तर जीप. सुरुवातीला फक्त नववं वळण, मग पाचवं, मग सगळी डावी वळणं. त्याआधीच्या वह्यांमध्ये यातलं काही नव्हतं.

मग एकेक आठवायला लागलं. स्वयंपाकघरात येताना यांचा डावा खांदा चौकटीला आपटतो. ताटाच्या डाव्या बाजूचं पाण्याचं भांडं आठवड्यातून दोनदा सांडतं आणि हे विचारतात, "कोणी ठेवलं इथे?" मी त्यांना वेंधळे म्हणत होते. परवाच म्हटलं होतं, "डोळे काय खिशात ठेवून चालता?" मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की मी वही मिटून तशीच बसून राहिले.

चहाच्या वेळी मी सांगितलं. घुमवून फिरवून सांगायची मला सवय नाही. "अहो, दोष गाड्यांचा नाही. तुम्हाला डावीकडचं दिसत नाहीये, म्हणून डावं वळण उशिरा घेता. डोळे तपासून घेऊ."

हे आधी हसले. मग उठून खिडकीशी गेले आणि समोरच्या रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानाची पाटी वाचून दाखवली, खालच्या बारीक अक्षरातल्या फोन नंबरासकट. एक आकडा चुकला नाही. "काय दिसत नाही मला?"

"समोरचं दिसतं. बाजूचं म्हणतेय मी."

"अगं, चाळीस वर्षं गाडी चालवतोय मी! तुझं पोट थकलंय आता, ते मान्य कर की. आणि उगाच माझ्या नावावर खपवू नकोस."

हे मला लागलं. बत्तीस वर्षं ज्या पोटावर यांनी डोळे मिटून विश्वास ठेवला, ते एका कपभर चहात खोटं ठरलं. पण हे पुन्हा खिडकीशी जाऊन तीच पाटी मनाशी वाचायला लागले. यांना भीती वाटत होती. गाडी चालवणं हे यांचं नुसतं काम नाही. यांना मित्र फारसे नाहीत, देवधर्म नाही, पत्ते नाहीत. स्टिअरिंगवर बसले की हा माणूस सरळ होतो, बोलायला लागतो, कधी कधी गातोसुद्धा. ते काढून घेतलं तर मागे काय उरेल, हे मलाही ठाऊक नव्हतं. आणि नाही काढून घेतलं तर नवव्या वळणावर एक दिवस कोणीतरी मरणार होतं. त्या रात्रभर माझ्या मनात एवढं एकच होतं.

सकाळी मी म्हटलं, "असं करू. आज सूनबाईला मी चालवते. वही तुम्ही धरा. गाडीतच दोष असेल तर माझ्याही हातात दिसेलच की."

मी रोज आमची जुनी छोटी गाडी घेऊन बाजारात जातेच. चालवणाऱ्याला गाडी लागत नाही, हे एक सुख. कंपनीच्या कागदावर आम्हा दोघांचीही नावं होती. यांनी डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. यांना वाटलं, ही आता तोंडावर पडणार. "चल," म्हणाले. "होऊन जाऊ दे."

हे माझ्या जागेवर बसले, मागे डावीकडे. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच. सीट कडक आहे, गुडघ्याला जागा बेताची आहे, पडद्याचे वेगळे पैसे घेतात म्हणजे अतीच झालं, अशी कुरकुर मोठ्या रस्त्यावर चालली होती. खडीवर म्हणाले, "च्यायला, हे सगळं तुझ्या पाठीला सोसावं लागत होतं होय?" मी म्हटलं, "लिहा वहीत." वळणं सुरू झाली तसं यांनी पेन उघडलं.

सूनबाई हातात आल्यावर मला कळलं की तिला कशासाठी इतके पैसे मोजायचे. स्टिअरिंग बोटानं सांगावं इतकं हलकं नाही, पण सांगितलेलं ऐकतं. दुसरं वळण तिनं असं घेतलं की मला मागे वळून नवऱ्याचं तोंड बघावंसं वाटलं. पाचवंही तसंच. मागून रेघेचा आवाज आला नाही.

नववं वळण डावीकडे अगदी आत मुरडतं. आत वळले तर कडेला एक बाई सायकल हातात धरून चालत होती. चाकातली हवा गेली असावी. अंगात पिवळाधमक स्वेटर. मी वेग कमी केला, गाडी चांगली हातभर उजवीकडे घेतली आणि तिला ओलांडून पुन्हा आपल्या बाजूला आणली.

"आता बोल!" मागून विजयी आवाज आला आणि पेन कागदावर दोनदा ओढल्याचंही ऐकू आलं. "रस्ता मोकळा, आणि ही अशी उजवीकडे फेकली गेली. आता काय म्हणणं आहे तुझं?"

"मी घेतली उजवीकडे," मी म्हटलं. "बाई होती ना."

"कुठे?"

"डावीकडे. तुमच्या खिडकीवरून गेली. सायकल घेऊन."

यांनी आधी खिडकीकडे पाहिलं. मग अख्खं अंग वळवून मागच्या काचेतून पाहिलं. आरशात मला यांची पाठ दिसत होती आणि तिच्यापलीकडे तो पिवळा स्वेटर लहान लहान होत चालला होता.

"थांबव," म्हणाले.

पुढे कठड्याशी थोडी रुंद जागा होती, तिथे मी गाडी लावली. इंजिन बंद केलं.

"कधीपासून?"

"आठ महिने. अकरा गाड्या, या दोन धरून तेरा."

"तेरा गाड्यांना मी नावं ठेवली," हे म्हणाले. "त्या छोट्या पांढऱ्या गाडीला तर मी धोकादायक म्हटलं होतं. लोकांनी घेतली नसेल ती, माझं वाचून."

मला एकदम संताप आला. "गाड्यांचं काय घेऊन बसलात! ती बाई काल असती तर?"

हे अगदी हळू आवाजात म्हणाले, "आणि तू तर रोज असायचीस. याच जागेवर."

दार उघडून हे खाली उतरले. मी आरशातून बघत होते. गाडीला मागून वळसा घालून हे माझ्या बाजूला आले, सरळ माझ्या दाराशी, आणि हँडलवर हात ठेवला. आता हे 'सरक' म्हणतील असं वाटलं. भांडायची माझी तयारी होती, पण चाळीस वर्षांची सवय असलेला हात त्या दारावरून ओढून काढायची नव्हती. यांचा चेहरा काचेच्या अगदी जवळ होता आणि हे माझ्याकडे न बघता आतल्या स्टिअरिंगकडे बघत होते.

मग यांनी हात काढला. बॉनेटवर तळवा टेकवत टेकवत पुढून पलीकडे गेले, दार चाचपून उघडलं आणि माझ्या शेजारी येऊन बसले. पट्टा लावायला दोन वेळा चुकले. मी मदत केली नाही.

वही मांडीवर घेऊन यांनी नवव्या वळणासमोरच्या दोन्ही रेघा नीट खोडल्या. मग पेन उघडं धरून म्हणाले, "सांग. हातात कशी वाटतेय गाडी? तुझ्या शब्दांत सांग, मी फक्त लिहितो. आणि डावीकडे कोणी आलं की मला सांगत जा."

मला रडू फुटत होतं. पण दहावं वळण समोर होतं, तेही डावं, आणि गाडी माझ्या हातात होती. मी इंजिन सुरू केलं.